नाव, औषध आणि पाय : ग्रुप टूरची घरची तयारी

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या मुळगावात ऐंशी ओलांडलेल्या माणसांना परदेश म्हणजे काय हे विमानात न बसताही ठाऊक आहे. गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते तोवर, म्हणजे १९६१च्या डिसेंबरपर्यंत, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी ही त्यांच्यासाठी दुसऱ्या देशातली गावे होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्यातल्या पत्रादेवीच्या सीमेवर गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सीमा अशी बंद झाली, की पलीकडे दिलेल्या बहिणीला भेटायचे झाले तरी आधी परवान्याचा कागद हातात हवा. सीमा म्हणजे कागद आणि कागद म्हणजे त्यावरचे नाव, हा धडा या पिढीने तेव्हाच घेतला.

आज याच डिचोली तालुक्यातली माणसे दुबई, सिंगापूर, युरोपला निघतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडण्यातल्या मोप पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. विमानतळ शेजारच्या तालुक्यात आला तशी निवृत्त शिक्षक, बँकवाले, मुले मार्गी लागलेली जोडपी यांची परदेशाची ओढही वाढली. यांतले बहुतेक जण पहिल्यांदा जाताना ग्रुप टूरच निवडतात आणि ते योग्यच आहे.

सगळे ठरवून देणारा सोबती ही कल्पना जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी इंग्लंडमध्ये लेस्टर ते लॉफबरो अशी सुमारे ५०० माणसे माणशी एका शिलिंगात आगगाडीने नेली. मराठी माणसाला १९८४ साली केसरी पाटलांच्या केसरी टूर्सने आणि २०१३ पासून वीणा वर्ल्डने आपल्या भाषेत बोलणारा टूर मॅनेजर दिला. त्याही आधी आपल्याकडे पंढरीची वारी होतीच. दिंडीत चालणाऱ्याला मुक्कामाची आणि जेवणाची चिंता नसते, मात्र पाय स्वतःचेच लागतात. टूर कंपनीचेही तसेच. विमान, हॉटेल, बस, जेवण ती बघते. तुमचे नाव, तुमचे औषध आणि तुमचे पाय या तीन गोष्टी तिच्या हातात नसतात. त्यांची तयारी मुळगावच्या घरातच व्हायला हवी, आणि ती पैसे भरण्याच्या आधी सुरू व्हायला हवी.

सर्वांत आधी नाव, कारण गोव्यात अडते ते इथेच. पोर्तुगीज दप्तरात आपली आडनावे पोर्तुगीज वळणाने लिहिली गेली. नाईकाचे स्पेलिंग वेगळे, शेटाचे वेगळे, प्रभूचा तर ‘पोरोब’ झाला. जुन्या जन्मनोंदीची नक्कल, म्हणजे ‘तेओर’, एका स्पेलिंगची, शाळेचा दाखला दुसऱ्या, आधारकार्ड तिसऱ्या. बायकांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. लग्नात नवरीचे आडनावच नव्हे, पाळण्यातले नावही बदलायची आपल्याकडे रीत. त्यामुळे जन्मनोंदीतली मुलगी आणि मतदारयादीतली आजी कागदावर दोन वेगळ्या बायका ठरतात. सुदैवाने १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे गोव्यात लग्नाची नोंद सक्तीची आहे. ती नोंद या दोन नावांना जोडणारा पूल आहे. डिचोलीच्या नोंदणी कार्यालयातून तिची प्रत आधी काढून ठेवावी. नाव कायद्याने बदलून किंवा दुरुस्त करून घ्यायचे असेल तर १९९०चा गोवा नाव व आडनाव बदल कायदा आहे, पण त्या प्रक्रियेला वेळ लागतो.

मग पासपोर्ट. अर्जात आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. नोव्हेंबर २०२२मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम लावला, तेव्हा अनेकांचे बेत विमानतळावरच मोडले. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा, लहान मुलांचा साधारण ५ वर्षांचा. पण त्यावर छापलेली मुदत पूर्ण वापरता येत नाही. बरेच देश प्रवासाच्या दिवसापासून किमान ६ महिने मुदत शिल्लक मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर ३ महिने मुदत, दोन कोरी पाने आणि गेल्या १० वर्षांत काढलेला पासपोर्ट लागतो. टूर बुक करताना कंपनीला द्यायचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर द्यावे.

गोव्यात आणखी एक सावधगिरी हवी. घरातल्या कोणाची जन्मनोंद लिस्बनमध्ये झाली असेल, किंवा कोणी पोर्तुगीज नागरिकत्वाच्या वाटेवर असेल, तर भारतीय पासपोर्टवर तिकीट काढण्याआधी जाणत्या वकिलाला विचारा. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो जायलाच हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बोटांच्या ठशांसाठी तारीख मिळणेही कठीण, म्हणून मे महिन्याच्या टूरचे कागद पौष-माघातच तयार असावेत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो बहुधा टूरच्या खर्चात धरलेला असतो, पण मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखा आधीपासूनचा आजार त्यात बसतो का, हे स्वतः वाचून पाहावे. आजार लपवला तर परक्या देशातल्या हॉस्पिटलचे बिल घरादाराच्या गळ्याशी येते.

दुसरी गोष्ट औषध. गोळ्या पुड्यांत किंवा जुन्या डब्यांत भरू नयेत. मूळ पाकिटातच ठेवाव्यात. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी असावी आणि तिच्यात औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडचा ब्रँड तिथल्या औषधवाल्याला कळत नाही. सहलीच्या दिवसांपेक्षा आठवड्याचा साठा जास्त घ्यावा. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. बेल्टवर दिलेली बॅग कधी एक दिवस उशिरा पोचते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आखाती देशांत परवानगीशिवाय नेणे गुन्हा ठरू शकतो.

औषधाला लागूनच खाण्याचे बघू, कारण दिवाळीच्या दिवसांत यात मोठी चूक होते. दुबईला किंवा सिंगापूरला निघताना अनारसे आणि नेवऱ्या बांधल्या जातात. त्या देशांत खसखस अमली पदार्थ समजली जाते. अनारशावरची खसखस, नेवरीच्या सारणातली खसखस, गरम मसाल्यातली खसखस, सगळीच घरी राहू द्या. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा तूप आणि पेढेही नकोत. बहुतेक ताजी फळे आणि कढीपत्त्याची डहाळीही तिथे आरोग्य-प्रमाणपत्राविना चालत नाही. सुके खोबरे तेलामुळे पेट घेते, म्हणून विमान कंपन्या ते नेऊ देत नाहीत. मग न्यावे काय? आपल्या जत्रेतले खाजे. बेसन, गूळ, आले यांचे हे खाणे टिकते, सांडत नाही आणि बसमध्ये वाटून खाता येते. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावी, सामानात देऊ नये.

पैशांचा हिशेब मोजका ठेवा. परकीय नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकीचे फॉरेक्स कार्डावर भरावेत. परतताना जवळ भारतीय रुपये २५,००० पर्यंत ठेवता येतात. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी टूरच्या रकमेवर टीसीएस घेतला जातो. हा आगाऊ भरलेला कर आहे. आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, म्हणून पॅनकार्डाचा नंबर बरोबर द्या आणि पावती जपा.

टूरचा कार्यक्रम शब्दांकडे लक्ष देऊन वाचा. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बाहेरूनच दर्शन. ‘ऑप्शनल’ म्हणजे वेगळे पैसे. ‘ट्विन शेअरिंग’ म्हणजे एकट्या माणसाला अनोळखी व्यक्तीसोबत खोली किंवा जादा रक्कम. रद्द केल्यास कोणत्या तारखेला किती पैसे कापतात, तो तक्ता सही करण्याआधी पाहा. बहुतेक टूर मुंबईहून निघतात आणि मुंबईपर्यंतचा प्रवास ‘जॉइनिंग-लीव्हिंग’मध्ये आपला आपण करायचा असतो. त्याच दिवशीच्या विमानावर किंवा थिवीहून निघणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवू नये, विशेषतः पावसात. आदल्या रात्री मुंबईत झोपलेला माणूस सकाळी ताजा असतो.

तिसरी आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाय. युरोपातल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात बस जात नाही. दगडी फरसबंदीवर तासन् तास चालावे लागते आणि एक माणूस मागे पडला की सगळा गट खोळंबतो. शेजारच्या शिरगावात लईराई देवीच्या जत्रेला अग्निदिव्य करणारा धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, त्या रात्री एकदम निखाऱ्यांवर जात नाही. आधी काही दिवस व्रत पाळून तो शरीर आणि मन तयार करतो. टूरची तयारीही तशीच हवी. निघण्याच्या तीन महिने आधी रोज पहाटे गावातल्या केळबाईच्या देवळापर्यंत जाऊन या. मग अंतर वाढवा. बुधवारी डिचोलीच्या बाजाराला चालत जा. टूरवर जे बूट घालायचे तेच घालून चाला, कारण नवे बूट पहिल्या दिवशीच टाचा सोलतात. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत आणि पाणी पीत राहावे, नाहीतर बसून बसून पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो. चालण्याचा सराव असलेल्या माणसाला परके शहर नीट दिसते. दमलेल्याला पुढचे बाकडे कुठे आहे तेवढेच दिसते.

ही सगळी तयारी टूर मॅनेजरवर अविश्वास म्हणून करायची नाही. त्याच्यावर तीस-चाळीस जणांचा भार असतो. ज्याचे कागद, औषधे आणि पाय तयार असतात, तो त्या भारातला आपला वाटा स्वतः उचलतो आणि मोकळ्या मनाने जग बघतो.

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरात कागदांची पेटी निघते. यंदा ती झटकून परत माळ्यावर ठेवू नका. आईची जन्मनोंद, लग्नाची नोंद, आधार आणि पासपोर्ट चटईवर शेजारी शेजारी मांडा, आणि प्रत्येकावरचे नाव एकेक अक्षर लावून वाचा. कुठे वेगळे दिसले, तर सण आटोपल्यावर सरकारी कचेरी उघडेल त्या पहिल्या दिवशी नोंदणी कार्यालयात जा.