डोंगरउतारावरचे मास्तर

१९३१ सालचा ‘देर वाइसे राउश’ हा जर्मन चित्रपट मी पाहते तो त्यातल्या पाठलागासाठी. स्कीशिक्षक हानेस श्नायडर आणि अभिनेत्री लेनी रीफेनश्टाल पुढे, स्कीवाल्यांची झुंड मागे. माझी नजर श्नायडर यांच्या गुडघ्यांवरून हलत नाही. गुडघे मुडपलेले, अंग पुढे झुकलेलं, आणि कितीही वेग आला तरी तोल शाबूत.

१८९० साली ऑस्ट्रियातल्या श्टुबेन गावी ते जन्मले. १९०७ साली जवळच्या सांक्ट आंटोनमधल्या हॉटेल पोस्टने पाहुण्यांना स्की शिकवायला त्यांना ठेवून घेतलं. नॉर्वेची जुनी रीत ताठ उभं राहण्याची. आल्प्सच्या खड्या उतारांवर ती अपुरी पडे. श्नायडर यांनी शरीर खाली आणलं. पण त्याहून मोठं काम म्हणजे त्यांनी शिकण्याच्या पायऱ्या बांधल्या. आधी स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली ठेवून वेग आवरायचा. मग एका पायावर भार टाकून वळायचं. मग वळता वळता दोन्ही स्की समांतर आणायच्या. ज्याची जशी तयारी, तसा त्याचा वर्ग. हौशी पाहुणाही डोंगर उतरू लागला तो या शिस्तीमुळे. १९३० साली जपाननेही त्यांना शिकवायला बोलावलं.

‘देर वाइसे राउश’चे दिग्दर्शक आर्नोल्ड फांक यांच्याशी त्यांची जोडी १९२० च्या सुमारास जमली. डोळ्यादेखत निसटून जाणारं वळण फिल्मवर एकेका चौकटीत पकडता येत होतं. १९२५ साली दोघांनी अशा चित्रमालिकांचं पुस्तकच काढलं. घरबसल्या वळण उलगडून पाहायला मिळणं ही त्या काळी केवढी मोठी सोय!

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि नाझींना न मानणाऱ्या श्नायडर यांना लगेच अटक झाली. निषेध म्हणून ब्रिटिश स्की-संघटक अर्नॉल्ड लन यांनी सांक्ट आंटोनची त्या वर्षीची आर्लबर्ग-कांडाहार शर्यत रद्द केली. रीफेनश्टाल तोवर हिटलरच्या प्रचाराचे चित्रपट करून नावारूपाला आली होती. एकाच पडद्यावरची ही दोन माणसं. मला त्या पाठलागाकडे आता निव्वळ गंमत म्हणून पाहता येत नाही.

हार्वी गिब्सन या अमेरिकन बँकरने खटपट करून श्नायडर यांना सोडवलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते सहकुटुंब न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवेला उतरले, तेव्हा गावातल्या मुलांनी स्कीच्या काठ्यांची कमान धरली होती. जवळच्या क्रॅनमोर डोंगरावर त्यांनी पुन्हा शाळा उभी केली. मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधून जर्मनांविरुद्ध लढला, आणि १९५५ साली वडील गेल्यावर क्रॅनमोरची शाळा त्यानेच पुढे चालवली.