तीस दिवस की सात दिवस?

दारिद्र्य किती घटलं हे सांगायचं तर दोन वर्षांचे आकडे हवेत, आणि दोन्ही एकाच मापाने मोजलेले हवेत. भारतात गाडी इथेच अडते.

राष्ट्रीय नमुना पाहणीचे कर्मचारी निवडलेल्या घरांत जाऊन खर्च विचारतात. घरचं धान्य, घरचं दूध खाल्लं असेल तर त्याचीही किंमत धरतात. एकूण खर्चाला घरातल्या माणसांनी भागायचं. उत्तर दारिद्र्यरेषेखाली आलं तर घर गरीब. रेषा कुठे ओढायची? पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली माणशी दिवसाला 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च धरला. 1979 मध्ये खेड्यांसाठी 2400 आणि शहरांसाठी 2100 कॅलरी ठरल्या.

भांडणं रेषेवरून होतात, पण मेख प्रश्नावलीत आहे. अन्नावरचा खर्च गेल्या सात दिवसांचा विचारला, तर त्यावरून काढलेला महिन्याचा आकडा तीस दिवसांच्या आठवणीपेक्षा जास्त भरतो. 1999-2000 च्या पाहणीत हे दोन्ही प्रश्न एकाच घराला, शेजारच्या रकान्यांत विचारले गेले. सात दिवसांचं सांगून झाल्यावर माणूस तीस दिवसांचंही त्याच हिशेबाने सांगणार! म्हणजे खर्च फुगणार आणि दारिद्र्य कमी दिसणार. दारिद्र्य 1993-94 च्या 36 टक्क्यांवरून 26 वर आल्याचं जाहीर झालं आणि तज्ज्ञांत जुंपली ती वर्षानुवर्षं.

कपडे, चपला, शाळेची फी यांचं वेगळंच. गरीब घरात महिनोन् महिने कापड येत नाही. तीस दिवसांचं विचारलं तर उत्तर शून्य. म्हणून अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने 2009 मध्ये अशा खर्चासाठी वर्षभराचा हिशेब घेतला आणि खेड्यांची रेषाही वर नेली. 2004-05 चं दारिद्र्य 27.5 टक्के होतं, ते 37.2 झालं. एका रात्रीत कोणी गरीब झालं नव्हतं, अर्थात. समितीने 1993-94 चा आकडाही नव्याने काढला: 45.3. म्हणजे जुन्या मापाने घट साडेआठ टक्क्यांची, नव्याने आठची. पातळी बदलली, घट जवळपास तेवढीच राहिली.

हे जमलं, कारण 1993-94 मध्येही कपड्यालत्त्याचा वर्षाचा खर्च विचारून ठेवला होता. 2022-23 च्या पाहणीत मात्र पद्धतच बदलली. एकाच घरी तीन वेगवेगळ्या भेटी, प्रत्येक भेटीत वेगळी प्रश्नावली. तुलनेसाठी लागणाऱ्या 2011-12 च्या पाहणीतल्या घरांना आता तीनदा भेटता येत नाही.