मोरीचा वास आणि दोन इंच पाणी

मे महिना गावी घालवून मुंबईच्या बिऱ्हाडी परतलेल्या कुटुंबाला दार उघडताच जो उग्र दर्प जाणवतो, त्याचा ठपका सोसायटीच्या गटारावर किंवा, गटार निर्दोष ठरल्यास, निघण्यापूर्वी मोरी घासण्याचे काम ज्याच्याकडे होते त्याच्यावर ठेवण्याची वहिवाट पडून गेली आहे. वस्तुतः या मामल्यात बहुधा दोघांचाही कसूर नसतो. मोरीच्या जाळीखाली, ज्याला प्लंबर मंडळी नहाणी ट्रॅप म्हणतात, त्या खोलगट भागात सुमारे दोन इंच पाणी सदैव साचून राहावे अशी तजवीज असते, आणि घर व गटार यांच्यामध्ये त्या पाण्याखेरीज दुसरा आडपडदा नसतो. 1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाखालील नळीला वळण देऊन ज्याचे पेटंट मिळविले, ती युक्ती मूलतः हीच. बंद घरात, भर उन्हाळ्यात, हे पाणी आटते आणि गटारातील वायूंना वाट मोकळी होते. मोरी, बेसिन आणि क्वचितच वापरात येणारे शौचकूप, या प्रत्येकात तांब्या-दोन तांबे पाणी ओतणे, एवढाच यावर इलाज. दीर्घ मुक्कामाला निघताना मोरीतल्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडल्यास ते आटण्यास विलंब लागतो.

फिनेल ओतताच वास जातो, हा अनुभव पुष्कळांचा आहे आणि तो खोटाही नाही. परंतु फिनेलपाठोपाठ बादलीभर पाणीही ओतले जाते, ट्रॅप भरतो, आणि पाण्याचे श्रेय फिनेलला मिळते. डांबराच्या गोळ्या तर एका वासात दुसऱ्याची भर घालतात. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने त्रस्त झालेल्या ब्रिटिश पार्लमेंटने आपले पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजविले होते. मात्र लंडनची खरी सुटका झाली ती जोसेफ बॅझलजेट याने बांधलेल्या भुयारी गटारांनी. मोरीत अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतण्याचा उपद्व्याप मात्र कोणीही करू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

गच्चीवर उघड्या तोंडाने उभा असलेला व्हेंट पाइप दुर्गंधी पसरवितो, म्हणून त्याला बूच मारण्याचा हुकूम काही सोसायट्यांत सुटतो, किंवा पत्र्याची शेड घालताना तो नकळत गाडला जातो. ही चूक सर्वांत महाग पडते. वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोट नळात कोसळला की त्यामागे पोकळी निर्माण होते. ती भरून काढण्यास गच्चीवरची हवा मिळाली नाही, तर खालच्या बिऱ्हाडांतील ट्रॅपचे पाणी ओढले जाते. वर फ्लश होताच आपल्या मोरीत बुडबुड असा आवाज येत असेल, तर नाक जमिनीशी नेण्यापूर्वी गच्चीवर जाऊन पाहावे.

बेसिनखालची घड्यांची प्लॅस्टिक नळी जमिनीतल्या भोकात नुसती खुपसलेली असते. तिच्या भोवतीची फट बुजविल्याने कित्येक तक्रारी मिटतात.

दुर्गंधीनेच पटकी पसरते, अशी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांचीही धारणा होती, ती डॉ. जॉन स्नो यांनी 1854 मध्ये लंडनमधील एका पंपाच्या दूषित पाण्याचा माग काढून हादरविली, तरी आपल्या घरांतून ती अजून पुरती हद्दपार झालेली नाही. मोरीतून येणारा सडक्या अंड्यासारखा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा. अल्प प्रमाणात तो केवळ त्रासदायक ठरतो. बंद चेंबरची गोष्ट मात्र निराळी. तेथे हा वायू दाटला की घ्राणशक्तीच बधिर होते, तेव्हा वास थांबला म्हणून धोका टळला असे समजणे घातक होय. सुरक्षासाधनांविना गटारात माणूस उतरविण्यास 2013 च्या कायद्याने मनाई आहे. तुंबलेल्या चेंबरसाठी सोसायटीने यंत्राचीच मागणी करावी.