वादळापूर्वीची तरतूद

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री बंगालच्या उपसागरातून आलेले चक्रीवादळ तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले. भोला बेट आणि मेघना नदीच्या मुखाजवळची गाळाची सखल बेटे समुद्राच्या लाटांखाली गेली. तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. वादळ येत असल्याची हवामान खात्याला कल्पनाच नव्हती, असे नाही. परंतु ती वार्ता असंख्य झोपड्यांच्या दारापर्यंत पोहोचलीच नाही. आणि जेथे पोहोचली, तेथील लोकांना आश्रयासाठी उंच व पक्की जागा नव्हती.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, मे २०२० मध्ये, ‘अम्फान’ हे अतितीव्र चक्रीवादळ त्याच उपसागरात उठले. करोनाची साथ ऐन भरात असतानाही बांगलादेशाने वीस लाखांहून अधिक लोकांना निवाऱ्यांत हलविले. त्या देशातील मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. प्रत्येक वादळाचा मार्ग आणि जोर वेगळा असतो, त्यामुळे दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य होणार नाही. तरीही मधल्या काळात देशाची लोकसंख्या सुमारे सात कोटींवरून सोळा कोटींच्या पुढे गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते. माणसे वाढली की आपत्तीतील बळीही वाढणारच, या समजुतीला हा देश अपवाद ठरला. हे कसे घडले?

आरंभ अगदी साध्या साधनांनी झाला. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या साहाय्याने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे सरकारही त्यात भागीदार झाले. गावातीलच स्वयंसेवक, त्यांच्या हाती कर्णा, भोंगा आणि धोक्याचा बावटा, एवढीच त्याची सामग्री. रेडिओवरील सूचनेकडे दुर्लक्ष करणारा माणूस शेजाऱ्याची हाक सहसा टाळत नाही, हे या योजनेचे मर्म होते.

एप्रिल १९९१ च्या वादळाने मात्र उणिवा उघड केल्या. सुमारे एक लाख अडतीस हजार लोक दगावले. इशारे दिले गेले होते, पण निवारे फार थोडे होते. मृतांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. घर, मुले आणि गुरे सोडून अनोळखी गर्दीत जाण्यास त्या कचरल्या होत्या. या अनुभवानंतर जागतिक बँक, जपान आणि इतर देशांच्या मदतीने खांबांवर उभारलेले पक्के निवारे वाढत गेले. त्यांपैकी अनेकांत एरवी शाळा भरते, त्यामुळे वास्तू वापरात राहते आणि तिची निगाही राखली जाते. स्त्रियांसाठी वेगळ्या जागेची व्यवस्था होऊ लागली. आज पाऊण लाखाहून अधिक असलेल्या स्वयंसेवकांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत.

लोकसंख्येच्या आघाडीवरही याच मार्गाने यश आले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत. आज हे प्रमाण दोनच्या आसपास आहे. परदेशी अर्थसाहाय्य होतेच, परंतु खरे काम केले ते घरोघरी जाऊन कुटुंबनियोजनाची साधने पोहोचविणाऱ्या स्थानिक महिला कार्यकर्त्यांनी. दोन्ही उपक्रमांत पैसा दुरून आला आणि विश्वास गावातून मिळाला.

या सहकार्यात भारताचाही वाटा आहे. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांविषयीच्या सूचना दिल्लीतील प्रादेशिक केंद्राकडून बांगलादेशासह तेरा देशांना मिळतात. वादळांची नावेही हेच देश सुचवितात. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्याला झोडपणाऱ्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते.

परंतु जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. भोंगा माणसाला वाचवितो. खाऱ्या पाण्याने नापीक झालेले शेत किंवा वाहून गेलेली जमीन तो वाचवू शकत नाही. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात बांगलादेशाचा हिस्सा एक टक्क्याहूनही कमी आहे. हानीचा हिस्सा मात्र तसा नाही. विकसनशील देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०,००० कोटी डॉलर उभे करून देण्याचे वचन श्रीमंत राष्ट्रांनी २००९ मध्ये दिले. ते प्रथम पाळले गेले २०२२ मध्ये, आणि त्यातही बरीच रक्कम कर्जरूपाने आली. ज्याचे घर वाहून गेले, त्याच्या हाती कर्जाचा कागद देणे म्हणजे मदत, असे म्हणणे कठीण आहे.

हवामानबदलाने होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी स्वतंत्र निधी स्थापण्याचे २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल शेख येथे ठरले आणि पुढील वर्षी दुबईत तो कार्यान्वित करण्याचा निर्णय झाला. तेथे सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. याउलट २०२२ च्या एकट्या पाकिस्तानातील पुराने झालेली हानी ३,००० कोटी डॉलरच्या घरात होती. गरज आणि तरतूद यांतील ही तफावत पाहता, आश्वासनाची रक्कम प्रत्यक्ष जमा होईपर्यंत तिला शिल्लक म्हणता येत नाही, हा हिशेबाचा साधा नियम येथेही लागू पडतो.

बांगलादेशाची कहाणी हेच सांगते की, आपत्तीपूर्वी वर्षानुवर्षे नेमाने केलेला खर्च सर्वांत अधिक फळ देतो. त्या खर्चाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत नाहीत, कारण जे मृत्यू टळले ते कोणाला दिसत नाहीत. वादळ ओसरल्यावर धावून जाणाऱ्यांचे कौतुक व्हावेच. परंतु सहकार्याची खरी पारख वादळ नसलेल्या वर्षांतच होते.