तिथी, कान आणि सिंधुदुर्गाखालचं पाणी

आम्हा संभाजीनगरकरांचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. पलीकडचा काठ दिसत नाही, वाऱ्याने लाटाही उठतात. पण सकाळी काठावर काढून ठेवलेल्या चपला संध्याकाळी तिथेच, कोरड्या सापडतात. मालवणला ही खात्री नाही. म्हणून रात्रभराचा प्रवास करून मालवणजवळच्या तारकर्लीत उतरणाऱ्याने आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं, तेही तिथीसाठी.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास समुद्र भरलेला, आणि पहाटेही साधारण तेव्हाच. भरतीनंतरच्या सहा तासांत ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि त्याला ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हा चढउतार कमी. तळ पाहायचा तर भांगाचे दिवस बरे, गाळ कमी ढवळतो. आपण मात्र सुट्टी काढतो ती शनिवार-रविवार जोडून. पावसाळ्यात पाण्यात उतरण्याचे हे सगळे खेळ बंदच असतात. पाणी निवळतं ते दिवाळीनंतर.

मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला. त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्यात मोडतो. होड्या पर्यटकांना घेऊन येतात त्या इथेच. स्नॉर्केलिंगमध्ये तोंड पाण्यात आणि नळीचं टोक हवेत, एवढंच. मग नळी लांब करून खोल का जाऊ नये? कारण मीटरभर खाली गेलं तरी पाणी छातीला असं दाबतं की वरची हवा फुप्फुसांना ओढून घेता येत नाही. खोल जायचं तर हवा दाबानेच मिळायला हवी, आणि तिथे स्कूबा येतं.

पाठीवरच्या टाकीला सगळे ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात. तिच्यात असते साधी हवा, दाबून भरलेली. १२ लिटरच्या टाकीत ती बाहेरच्या हवेच्या २०० पट दाबाने भरली तर सुमारे २४०० लिटर मावते. तोंडात धरायचा रेग्युलेटर तिचा दाब आजूबाजूच्या पाण्याइतका करून देतो, म्हणून श्वास सहज येतो. नाक मास्कमध्ये बंद असतं, तेव्हा श्वास तोंडानेच. पहिली दोन मिनिटं मन हे मानायला तयार नसतं. होडीच्या कडेला धरून, डोकं पाण्यात घालून सराव करून घेतात तो यासाठीच. तिथे घाई करू नये.

मग कान. कन्नडचा घाट उतरताना कानांना दडे बसतात आणि आवंढा गिळला की कान मोकळे होतात, तोच प्रकार. फरक एवढाच की घाटात शेकडो मीटर उतरल्यावर जे होतं, ते पाण्यात दोन हातांवर होतं. दर १० मीटरला पाणी हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढवतं. उपाय म्हणजे मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच नाकातून हवा ढकलायची. दुखायला लागण्याआधीच, आणि थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा. सर्दी असेल तर घसा आणि कान जोडणारी नळी मिटलेली असते. त्या दिवशी किल्ला पाहावा, पाण्यात उतरू नये. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि अर्जात लपवू नये.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: श्वास रोखायचा नाही. १० मीटरवर भरून घेतलेली छाती तशीच धरून वर आलात, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसाला इजा होते. आणखी एक, ‘मस्त चाललंय’ म्हणून अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे, आणि प्रशिक्षक खरोखर वर घेऊन जातो. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की ‘ठीक’. काचेआडून मासे सुमारे एक तृतीयांशाने मोठे दिसतात, तेव्हा घरी आकार सांगताना जपून.

जवळच्याच देवबागला नदी-समुद्राच्या संगमावरच्या जेट स्की, बनाना राइड वगैरेंत समजावण्यासारखं फारसं नाही: जाकिटाचे पट्टे आवळायचे आणि ओरडायचं. पट्टे मात्र होडीतही आवळलेलेच हवेत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला.

किनाऱ्यावर नुसतं डुंबायचं असेल तरी ओढीचा पट्टा ओळखावा. लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने परत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर आडवं पोहा आणि पट्टा सुटला की किनाऱ्याकडे वळा.

दुपारी जेट्टीवरून होडीने किल्ल्यात जावं. तोंडात अजून खारट चव असते, आणि आत तटांच्या कुशीत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत.