ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला का ओढते?

शेंद्रा एमआयडीसीत डबे पोचवणारी आमच्या गटाची जुनी ओम्नी ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. जालना रोडवर शेजारून कंटेनर जाताना काळजात धस्स व्हायचं. दोनदा पॅड बदलले, डब्यांचे पैसे त्यातच गेले, आणि डावीकडचेच पुन्हा झिजले!

रोग पॅडमध्ये नव्हताच, कॅलिपरमध्ये होता. ब्रेक सोडला की पॅडनं डिस्क सोडायला हवी. कॅलिपरची पिन गंजली किंवा पिस्टन अडकला, तर पॅड घासतच राहतो. चाकातला एकच पॅड जास्त झिजला असेल तर बहुधा पिन; दोन्ही झिजले तर पिस्टन, नाहीतर आतून फुगलेला ब्रेकचा रबरी पाइप.

गाडी थांबली की पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, डिस्कला मात्र लावू नका. जे जास्त तापलंय, ते घासतंय. दोन्ही सारखीच कोमट असून गाडी ब्रेकशिवायही ओढत असेल, तर आधी टायरची हवा बघा, मग अलाइनमेंट. मिस्त्रीनं जॅक लावला की चाक हलवून दाखवायला सांगा. डाव्या-उजव्या कडा धरून हललं तर टायरॉड. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग.

पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला. आणि बिल देण्याआधी जुने हातात घेऊन बघाच.