स्पीडबोटीची मालकी आणि देखभाल

स्पीडबोट किंवा द्रुतगती यांत्रिक नौका म्हणजे शक्तिशाली इंजिनाच्या जोरावर पाण्याचा पृष्ठभाग घासत धावणारी हलकी नौका होय. क्रीडा, सहल, प्रवासी वाहतूक, सागरी गस्त व शोध-बचाव यांसाठी तिचा वापर होतो. अशा नौकेची झीज धावताना होते त्यापेक्षा पाण्यात उभी असताना अधिक होते. त्यामुळे मालकाचा बराचसा वेळ आणि पैसा नौका चालविण्यापेक्षा ती चालण्याजोगी ठेवण्यात जातो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या खाडीकाठच्या परिसरात गाळ, निमखारे पाणी आणि मोठी भरती-ओहोटी यांमुळे ही देखभाल अधिक कठीण होते.

रचना आणि वेग

साधी नौका स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारून पुढे सरकते. तिचा वेग वाढत गेला की तिनेच उठविलेली लाट तिला अडविते. सुमारे ८ मीटर लांबीच्या नौकेला हा अडसर ताशी १२-१३ किलोमीटरच्या आसपास जाणवतो व त्यापुढे इंजिनाची शक्ती वाढविली तरी वेग फारसा वाढत नाही. स्पीडबोट हा अडसर ओलांडून पाण्यावर चढते. तळाखाली निर्माण होणारा दाब तिला उचलून धरतो, ओला भाग कमी होतो आणि विरोध घटतो. सपाट तळाची नौका लवकर चढते, मात्र लाटांवर जोराने आदळते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल तळ लाट कापत जातो, पण त्याला अधिक शक्ती लागते. अमेरिकन आरेखक रे हंट यांच्या खोल व्ही-तळाच्या 'मॉपी' या नौकेने १९६० मध्ये मायामी-नासाऊ शर्यत जिंकली, तेव्हापासून खवळलेल्या पाण्यात वेगाने जाणाऱ्या नौकांसाठी हा आकार सर्वत्र रूढ झाला.

पाण्यावर चढलेली नौका हे नाजूक संतुलन असते. टाकीतील इंधन, प्रवाशांची बसण्याची जागा किंवा तळावर जमलेले शेवाळ यांतील थोड्या फरकानेही तिचे नाक वर-खाली आपटू लागते.

भिवंडी आणि उल्हास खाडी

भिवंडी शहरातून वाहणारी कामवारी नदी पुढे उल्हास नदीच्या खाडीला मिळते. ठाण्याजवळ उल्हासचे दोन फाटे होतात. मुख्य फाटा घोडबंदरमार्गे वसई खाडीतून अरबी समुद्राला मिळतो व दुसरा, अरुंद फाटा ठाणे खाडीकडे जातो. हा जलमार्ग जुना आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यानंतर याच खाड्यांच्या आश्रयाने मराठा आरमाराची बांधणी सुरू झाली. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमानुसार कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसई खाडी व उल्हास नदी मिळून १४५ किलोमीटर लांबीचा राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ जाहीर झाला असून भिवंडी तालुक्यातील काल्हेर हे त्यावरील नियोजित धक्क्यांपैकी एक आहे.

खासगी नौकांसाठी मरीना मात्र या परिसरात नाही. नौका खाडीत नांगरून ठेवावी किंवा ट्रेलरवर चढवून कोरड्या जागी न्यावी, असे दोनच मार्ग मालकापुढे उरतात. पहिला मार्ग स्वस्त दिसतो, प्रत्यक्षात तो महाग पडतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे ५ मीटरपर्यंत फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. ओहोटीला काठावरची नौका चिखलात बसते. इंजिन वर उचलून ठेवले नसेल तर त्याचा खालचा भाग गाळात रुततो आणि पुढच्या वेळी सुरू करताच थंड पाण्याऐवजी चिखल ओढला जातो. पावसाळ्यात उल्हास नदीतून वाहून येणारी जलपर्णी आणि वर्षभर तरंगणारे प्लास्टिक पाणी खेचणाऱ्या जाळ्या बंद करतात व पंख्यात अडकतात. स्पीडबोटीने खाडीत कधी जावे हे त्यामुळे घड्याळावर नव्हे, भरतीच्या वेळापत्रकावर ठरते. स्थानिक कोळी आणि आगरी नाखवे हे पूर्वीपासूनच करीत आले आहेत.

इंजिन

मोटारीचे इंजिन सपाट रस्त्यावर आपल्या क्षमतेच्या थोड्या भागावरच चालते. नौकेचे इंजिन सतत भरलेल्या ट्रकने कसारा घाट चढावा तसे राबते. म्हणूनच त्याची सेवा किलोमीटरवर नव्हे तर तासांवर मोजली जाते. सामान्यतः दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तेल, गाळण्या व स्पार्क प्लग बदलण्याची शिफारस असते.

वर्षाला २०-३० तासच नौका चालविणारा मालक अनेकदा ही वार्षिक अट विसरतो आणि नुकसान तिथेच होते. आउटबोर्ड इंजिन समुद्राच्या किंवा खाडीच्याच पाण्याने थंड होते. ते पाणी वर खेचणाऱ्या पंपात इंपेलर नावाचे रबरी पात्यांचे चाक असते. नौका महिनोन्‌महिने उभी राहिली की पाती वाकलेल्या अवस्थेत ताठरतात. गाळमिश्रित पाण्यात ती लवकर झिजतात. इंजिनामागून सुटणारी पाण्याची बारीक धार क्षीण झाली किंवा थांबली, तर काही मिनिटांत इंजिन तापून निकामी होऊ शकते. अनुभवी चालक म्हणूनच इंजिन सुरू झाल्यावर आधी मागे वळून ती धार पाहतो.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याची नळी जोडून १०-१५ मिनिटे इंजिन धुणे हे देखभालीतील सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारेही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. न धुतल्यास ते थंड करणाऱ्या वाहिन्यांत साचून त्या आतून बुजवीत जाते. इंजिनाच्या खालच्या गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसले, तर सीलमधून आत पाणी शिरले आहे असे समजावे. पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळलेला मासेमारीचा नायलॉन धागा हे त्याचे नेहमीचे कारण असते.

गंज आणि तळ

वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र असले की त्यांच्यात विद्युतप्रवाह वाहतो व कमकुवत धातू झिजतो. इंजिनाचा अ‍ॅल्युमिनिअमचा सांगाडा वाचावा म्हणून त्यावर अ‍ॅनोड बसवितात. हे तुकडे स्वतः झिजून बाकीच्या धातूंचे रक्षण करतात आणि निम्मे झिजले की बदलावे लागतात. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशिअमचे आणि निमखाऱ्या पाण्यासाठी अ‍ॅल्युमिनिअमचे अ‍ॅनोड योग्य समजले जातात. भिवंडीजवळील खाडीत ही निवड महत्त्वाची ठरते. पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा घटला की जस्तावर घट्ट पापुद्रा चढतो व ते काम करणे थांबविते. तुकडा शाबूत दिसल्याने मालक निर्धास्त राहतो आणि प्रत्यक्षात इंजिन झिजू लागलेले असते.

काचतंतूंचा तळ गंजत नाही, तरी दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास वरच्या थरातून ओलावा झिरपून त्यावर फोड येऊ शकतात. तळाला चिकटणारे बार्नेकल व शेवाळ वेगावर थेट परिणाम करतात. काही आठवड्यांच्या वाढीनेही नौका पाण्यावर चढेनाशी होते व इंधन अधिक जळते. त्यावर प्रतिबंधक रंग लावतात. पूर्वी यासाठी वापरल्या जाणाऱ्या कथिलयुक्त विषारी रंगांवर २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली असून सध्याचे रंग प्रामुख्याने तांब्यावर आधारित असतात. ट्रेलरवर कोरडी ठेवल्या जाणाऱ्या नौकेला या रंगाची फारशी गरज भासत नाही.

इंधन

३०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १०० लिटर इंधन जाळते. प्रश्न खर्चापुरता नाही. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू होऊन पुढे ते सर्वत्र मिळू लागले, तर बहुतेक आउटबोर्ड उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. कोकणच्या दमट हवेत टाकीत दीर्घकाळ पडून राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिनाला नेमका तोच थर आधी मिळतो. पाणी वेगळे करणारी गाळणी व थोडे थोडे ताजे इंधन भरण्याची सवय हे त्यावरचे व्यवहार्य उपाय आहेत.

बंदिस्त कप्प्यात पेट्रोल इंजिन असलेल्या नौकेत आणखी एक धोका असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते. इंजिन सुरू करण्यापूर्वी किमान ४ मिनिटे वायुवीजन पंखा चालवून ती बाहेर काढणे आवश्यक मानले जाते.

पावसाळी विश्रांती

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. गेटवे-मांडवा जलवाहतूकही पावसाळ्यात थांबते. मच्छीमार या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. स्पीडबोटीलाही हेच लागू पडते. नौका पाण्याबाहेर काढून तळाचा बूच उघडा ठेवणे, पुढचा भाग किंचित उंच ठेवणे, बॅटरी काढून अधूनमधून भारित करणे आणि आच्छादनाखाली वारा खेळता ठेवणे ही त्यातील मुख्य कामे. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली बुरशी धरते व विजेच्या जोडण्या हिरव्या पडतात.

नोंदणी आणि कर

१९१७ च्या अंतर्देशीय बाष्पनौका कायद्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली. त्यानुसार यांत्रिक नौकेची तपासणी, नोंदणी व विमा बंधनकारक असून एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते. महाराष्ट्रात हे काम १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. क्रीडा व विहाराच्या नौकांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला.

दुर्घटना

वेगवान नौकेवरील ताबा सुटल्याने होणाऱ्या अपघातांत चालक बाहेर फेकला जाणे हा नेहमीचा प्रकार आहे. चालक नसलेली नौका बहुधा गोल फिरत राहते आणि पाण्यातील माणसावरच परत येते. त्यासाठी चालकाच्या अंगाला बांधायची दोरी इंजिनाच्या स्विचला जोडलेली असते. दोरी सुटताच इंजिन बंद पडते. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान नौकांवर तिचा वापर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. दोरी नौकेवर असूनही न बांधता खुंटीला अडकवून ठेवण्याची सवय मात्र सर्वत्र आढळते.

मुंबईच्या समुद्रात २४ ऑक्टोबर २०१८ रोजी नियोजित शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली व एकाचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून, गेटवेहून घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. या अपघातात १५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर प्रवासी बोटींवर जीवरक्षक जाकिटांची सक्ती कडक करण्यात आली.

सरकारी नौकांनाही देखभालीचा प्रश्न चुकलेला नाही. २००५ मध्ये मंजूर झालेल्या सागरी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात किनारी राज्यांच्या पोलिसांना २०४ वेगवान नौका देण्यात आल्या. त्या कोलकात्याच्या गार्डन रीच आणि गोवा शिपयार्ड या कारखान्यांनी बांधल्या होत्या. प्रशिक्षित तंत्रज्ञ, सुटे भाग व इंधनाची तरतूद अपुरी पडल्याने त्यांतील कित्येक नौका धक्क्यालाच उभ्या राहिल्याची नोंद निरनिराळ्या राज्यांच्या लेखापरीक्षण अहवालांत आढळते.